टर्बोची ‘फुस्स’: डम्प व्हॉल्व्ह बाहेर सोडण्याआधी

गिअर बदलताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की बॉनेटखालून जोरात ‘फ्स्स्स’ यावं, एवढ्यासाठी चांगले पैसे मोजणारी मंडळी आहेत. त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. गाडी म्हणजे इथून तिथे नेणारा डबा, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल. बाकीच्यांसाठी मुद्दा असा, की हा आवाज काही गाड्यांना अजिबात बाधत नाही आणि काही गाड्यांची चालच बिघडवतो. तुमची गाडी यातल्या कोणत्या गटात बसते हे व्हॉल्व्हच्या किमतीवर, ब्रँडवर किंवा बसवणाऱ्याच्या हातावर ठरत नाही. ते ठरतं तुमचं इंजिन हवा कुठे मोजतं यावर. गॅरेजमध्ये ‘काही होत नाही साहेब, सगळेच लावतात’ असं उत्तर मिळालं, तर एवढा एकच प्रश्न विचारून बघा. ज्याला त्याचं उत्तर देता येतं, त्याच्याच हातात पाना द्यावा.

आधी हा व्हॉल्व्ह गाडीत असतो तरी कशाला, ते बघू. टर्बोमध्ये एका दांड्याच्या दोन टोकांना दोन चाकं असतात. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एक चाक फिरवतो, दुसरं चाक बाहेरची हवा ओढून दाबतं आणि ती इंटरकूलरमधून थ्रॉटलपर्यंत पोचवतं. छोट्या पेट्रोल इंजिनांवरचे टर्बो पूर्ण जोरात असताना मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतात. अशा वेळी तुम्ही पाय उचलता आणि थ्रॉटलची झडप फटकन बंद होते. टर्बोला ते कळत नाही, त्याचं चाक आपल्या वेगात हवा ढकलतच राहतं. घरातला नळ एकदम बंद केल्यावर भिंतीतला पाइप थडथडतो, तसा दाबाचा धक्का या नळीत उलटा फिरतो आणि कॉम्प्रेसरच्या पात्यांमधूनच मागे निसटू बघतो. त्याचा ‘स्तु-तु-तु’ असा फडफडणारा आवाज येतो. याला सर्ज म्हणतात. थोड्या बूस्टवर (टर्बोने दिलेल्या जादा दाबावर) कधीमधी होणाऱ्या फडफडीने टर्बो मरत नाही. भरपूर बूस्टवर ती पुन्हा पुन्हा होत राहिली, तर मात्र त्या दांड्याच्या बेअरिंगवर उलटसुलट भार येतो आणि पुढच्या वेळी पाय दाबल्यावर टर्बोला पुन्हा वेग धरायला वेळ लागतो.

डम्प व्हॉल्व्ह ही या दाबाला दिलेली पळवाट. टर्बो आणि थ्रॉटल यांच्यामधल्या नळीवर तो बसतो. आत एक पडदा किंवा पिस्टन, त्यावर स्प्रिंग, आणि डोक्यावर इनटेक मॅनिफोल्डकडून आलेली एक बारीक नळी. थ्रॉटल उघडा असताना व्हॉल्व्हच्या दोन्ही अंगांना जवळपास सारखाच दाब असतो, म्हणून स्प्रिंग त्याला बंद ठेवते. थ्रॉटल मिटला की मॅनिफोल्डमध्ये निर्वात तयार होतो, तो पडदा वर ओढतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. यातून सुटलेली हवा कंपन्या जवळजवळ नेहमीच पुन्हा आत घेतात. एअर फिल्टर आणि टर्बो यांच्यामधल्या पाइपला व्हॉल्व्ह एका जाड होजने जोडलेला असतो. म्हणजे फुस्स तुमच्या गाडीत आजही होते, फक्त ती त्या होजमध्ये आणि फिल्टरच्या डब्यात मुरते. ‘बाहेर सोडणं’ म्हणजे ही परतीची होज काढून टाकणं, इतकंच.

हा षोक आला तो रॅलीच्या गाड्यांकडून. नव्वदच्या दशकात सुबारू इम्प्रेझा आणि मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन जंगलातल्या वळणांवर ज्या आवाजात सुसाट जायच्या, तो आवाज ब्रिटनमधल्या पोरांना आपल्या रोजच्या गाडीत हवा होता. फोर्ज, एचकेएस, पुढे टर्बोस्मार्ट आणि जीएफबी अशा कंपन्यांनी ती भूक भागवली. त्या काळात तिथे एक गोष्ट लोकांना अनुभवानेच समजली. फोर्ड सिएरा कॉसवर्थला व्हॉल्व्ह बाहेर सोडला तर गाडी तशीच छान चालायची. तोच व्हॉल्व्ह इम्प्रेझाला लावला की सिग्नलला थांबताना आयडलिंग कोसळायचं. दोन्ही दोन लिटरच्या टर्बो पेट्रोल गाड्या, पण एकीचं इंजिन मॅनिफोल्डमधला दाब मोजून पेट्रोल ठरवायचं आणि दुसरीचं फिल्टरपाशी आत येणारी हवा मोजून.

हवा मोजायची कुठे

फिल्टरच्या डब्याला लागूनच जो सेन्सर असतो त्याला एमएएफ म्हणतात, म्हणजे आत येणाऱ्या हवेचं वजन सांगणारा सेन्सर. त्याच्यासमोरून गेलेली हवा सिलिंडरमध्ये पोचणारच, असं ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, धरून चालतो आणि तेवढ्या हवेला लागेल तितकं पेट्रोल सोडतो. परतीची होज शाबूत असेपर्यंत हा हिशेब जुळतो. पाय उचलल्यावर तीच हवा टर्बोभोवती गोल फिरत राहते, सेन्सरसमोरून नवी हवा फारशी येत नाही. होज काढली की मात्र वेग न सोडलेला टर्बो फिल्टरमधून नवी हवा ओढतो, सेन्सर ती मोजतो, आणि ती व्हॉल्व्हमधून बाहेर फेकली जाते. पेट्रोल मात्र सुटलेलं असतं.

किती पेट्रोल? ढोबळ हिशेब करू. समजा पाय उचलल्यानंतरच्या अर्ध्या सेकंदात दहा ग्रॅम हवा सेन्सरसमोरून गेली आणि बाहेर पडली. पेट्रोलचं आणि हवेचं प्रमाण साधारण १ ला १४.७ असतं, म्हणजे या दहा ग्रॅमपोटी सुमारे ०.७ ग्रॅम पेट्रोल. आकडा किरकोळ वाटतो खरा. पण पावणेदोन-दोन लिटरचं इंजिन आयडलिंगला सेकंदाला फार तर ०.२ ग्रॅमच्या आसपास पेट्रोल पितं. म्हणजे तीन सेकंदांहून जास्त पुरेल इतकं पेट्रोल अशा क्षणी आत टाकलं जातं, जेव्हा इंजिनला ते अजिबात नको असतं. गिअर लावून उतारावर पाय सोडला असेल तर ईसीयू पेट्रोलच बंद करतो आणि काही बिघडत नाही. अडचण होते ती क्लच दाबून गिअर बदलताना आणि थांबायला येताना.

लक्षणं ठरलेली असतात. दोन गिअरच्या मध्ये बारीक झटका बसतो, सायलेन्सरमधून काळा धूर किंवा ‘पट्’ असा आवाज येतो, पुढचा गिअर पडल्यावर क्षणभर गाडी उचलत नाही. सिग्नलपाशी क्लच दाबला की आरपीएमचा काटा आयडलिंगच्याही खाली जातो आणि कधी कधी गाडी बंदच पडते. हे शहरात नुसतं लाजिरवाणं आहे, घाटात ते धोक्याचं आहे. आंबेनळीच्या उतारावर वळणात इंजिन बंद पडलं, तर ब्रेकच्या बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरताच जोर शिल्लक असतो आणि स्टिअरिंगही जड होतं. न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. आवाजाची हौस रोज पुरवली तर स्पार्क प्लग काळे पडतात आणि कन्व्हर्टरच्या आतली जाळी अकाली जाते. या भागाची किंमत एकदा विचारून ठेवा, मग पुढचं ठरवा.

दुसऱ्या प्रकारात सेन्सर इनटेक मॅनिफोल्डवर असतो. हा मॅप सेन्सर. मॅनिफोल्डमधला दाब, हवेचं तापमान आणि आरपीएम यांवरून सिलिंडरमध्ये किती हवा जाते ते ईसीयू गणितानेच काढतो. थ्रॉटलच्या अलीकडे तुम्ही किती हवा सोडून दिली याच्याशी त्या गणिताला देणंघेणं नाही. म्हणून अशा गाडीत व्हॉल्व्ह बाहेर सोडल्याने पेट्रोलचं प्रमाण बिघडत नाही.

आपल्याकडच्या गाड्यांत दोन्ही नमुने सापडतात. २००४ च्या सुमाराला आलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, तिचं १.८ लिटरचं वीस व्हॉल्व्हचं टर्बो इंजिन एमएएफवर चालतं. जुनी आरएस हौसेने सांभाळणाऱ्यांनी तिची परतीची होज काढू नये, हे मी अगदी स्पष्ट सांगतो. उलट रांजणगावात बनलेल्या पुंटो अबार्थचं १.४ लिटरचं टी-जेट इंजिन मॅप सेन्सरवर चालतं. त्या गाडीवर बाहेर सोडलेला व्हॉल्व्ह नीट बसवला तर इंजिन तक्रार करत नाही.

तुमच्या गाडीचं काय, हे बघायला पाच मिनिटं पुरतात. बॉनेट उघडा, फिल्टरचा डबा शोधा, आणि त्यातून टर्बोकडे निघणारा पाइप सुरुवातीलाच नीट न्याहाळा. तिथे दोन स्क्रूंनी बसवलेला, चार-पाच तारांचा कनेक्टर असलेला सेन्सर दिसला तर तो बहुधा एमएएफच. दोनच तारांचा असेल तर तो नुसता तापमानाचा सेन्सर असतो. मोबाइलला जोडायच्या स्वस्त स्कॅनरवर भिस्त ठेवू नका. काही मॅपवाल्या गाड्यांतही ईसीयू हवेचा आकडा गणिताने काढून ‘ग्रॅम प्रति सेकंद’ असा दाखवतो आणि माणूस फसतो. डोळ्यांनी सेन्सर बघणं हाच खात्रीचा मार्ग. आणि दोन्ही सेन्सर सापडले, तर गाडी एमएएफची समजून वागा.

डिझेल गाड्यांच्या मालकांसाठी

महाराष्ट्रात टर्बोची ओळख बहुतेकांना डिझेलमुळेच झाली. स्विफ्टपासून पुंटोपर्यंत कितीतरी गाड्यांत बसलेलं १.३ लिटरचं मल्टिजेट घ्या किंवा स्कॉर्पिओचं इंजिन घ्या, ही सगळी टर्बो डिझेल. त्यामुळे ‘माझ्या डिझेलला डम्प व्हॉल्व्ह लावू का?’ हा प्रश्न वारंवार येतो. उत्तर सोपं आहे: लावू नका, कारण त्याला तिथे कामच नाही. डिझेल इंजिनाचा जोर कमी-जास्त होतो तो डिझेलच्या मात्रेने, हवेची वाट बंद करून नव्हे. नव्या डिझेल गाड्यांत इनटेकवर झडप असते खरी, पण तिचं काम प्रदूषण नियंत्रणाचं आणि इंजिन हळुवार बंद करण्याचं. पाय उचलल्यावर ती पेट्रोलच्या थ्रॉटलसारखी फटकन मिटत नाही. दाबाचा धक्काच बसत नसेल तर तो सोडायचा कुठून? डिझेलसाठी म्हणून जे संच विकले जातात ते पेडलच्या स्विचवर विजेचा व्हॉल्व्ह उघडून चांगली दाबलेली हवा मुद्दाम वाया घालवतात. सायलेन्सरच्या तोंडात खोचायची ‘टर्बो शिट्टी’ तर टर्बोशी नावापुरतंच नातं सांगते.

नव्या टर्बो पेट्रोल गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. अनेक गाड्यांत आता निर्वातावर चालणारा व्हॉल्व्ह नसून थेट टर्बोच्या अंगावर बसवलेला विजेचा व्हॉल्व्ह असतो. तो केव्हा उघडायचा हे ईसीयू ठरवतो आणि तो नीट उघडला की नाही यावर नजरही ठेवतो. काही छोट्या इंजिनांत वेस्टगेटच (जादा धूर टर्बोला बगल देऊन सोडणारी झडप) विजेवर इतक्या चपळाईने उघडतं की कंपनीने हा व्हॉल्व्ह ठेवलेलाच नाही. विजेचा व्हॉल्व्ह असलेल्या गाड्यांसाठी स्पेसर नावाची एक चकती मिळते, ती व्हॉल्व्ह आणि टर्बो यांच्यामध्ये बसवून थोडी हवा बाहेर सोडतात. माझं मत विचाराल तर वॉरंटीतल्या गाडीवर हा खेळ करू नये. टर्बोच्या तोंडाशी एक जास्तीचा सांधा म्हणजे गळतीची एक जास्तीची जागा, आणि तिथला गॅस्केट कसा बसलाय हे वर्षभराने कोणी उघडून बघत नाही. चेक इंजिनचा दिवा लागून पी ०२९९ (बूस्ट कमी) किंवा पी २२६१ (व्हॉल्व्हची यांत्रिक अडचण) हे कोड आले, तर संशय आधी याच जागेवर घ्यावा.

बसवायचाच असेल तर

मॅपवाली पेट्रोल गाडी आहे, वॉरंटी संपली आहे आणि मन मानत नाही, असं धरून पुढचं सांगतो.

सगळ्यात मोठी चूक होते ती परतीच्या होजच्या दुसऱ्या टोकाशी. होज काढल्यावर टर्बोच्या आधीच्या पाइपवर एक उघडं तोंड राहतं. ते बंद करायलाच हवं. नाहीतर टर्बो त्या भोकातून फिल्टरला बगल देऊन धूळ थेट आत ओढतो, आणि उन्हाळ्यात आपल्या रस्त्यांवर धुळीला तोटा नसतो. या तोंडासाठी मापाची रबरी किंवा धातूची टोपी मिळते, ती क्लिपने घट्ट बसवा. चिंधी, बोळा, स्पंज यांतलं काहीही तिथे कोंबू नका. टर्बोने तो बोळा आत ओढला तर कॉम्प्रेसरच्या चाकाची पाती जातात आणि त्यांचे तुकडे पुढे इंटरकूलरमध्ये.

दुसरं म्हणजे कंपनीचाच व्हॉल्व्ह नुसता उघडा सोडून भागत नाही. परतीसाठी बनवलेल्या व्हॉल्व्हची स्प्रिंग पुष्कळदा इतकी हलकी असते की आयडलिंगच्या निर्वातानेही तो थोडा उघडा राहतो. परतीची होज असताना त्याने काही बिघडत नाही, कारण येणारी हवा गाळलेलीच असते. होज काढल्यावर मात्र तोच व्हॉल्व्ह सिग्नलला उभ्या गाडीत बॉनेटखालची धुळकट हवा आत घेतो. मॅपच्या गाडीत पेट्रोलचा हिशेब टिकतो, पण धूळ थ्रॉटल ओलांडून सिलिंडरमध्ये जाते. एमएएफच्या गाडीत तर ही न मोजलेली हवा ठरते, आयडलिंग वरखाली होतं आणि पी ०१७१ (मिश्रणात पेट्रोल कमी) हा कोड येतो. म्हणून बाहेर सोडण्यासाठीच बनवलेला, स्प्रिंग बदलता किंवा आवळता येणारा व्हॉल्व्ह घ्या.

स्प्रिंगची जुळवणी अशी करतात. इंजिन नीट गरम झाल्यावर आयडलिंगला ठेवा आणि कागदाची एक लांब पट्टी बोटांत घट्ट धरून व्हॉल्व्हच्या तोंडाशी न्या. पट्टी आत ओढली गेली तर स्प्रिंग हलकी आहे, थोडी आवळा. पट्टी हलत नसेल तर रस्त्यावर जाऊन बघा. साधारण बूस्टवर पाय सोडल्यावर स्वच्छ ‘फुस्स’ आली तर काम झालं. ‘स्तु-तु-तु’ आलं तर स्प्रिंग जास्त कडक झाली. गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये रेस देऊन सोडली तर आवाज जेमतेम येतो, कारण इंजिनवर भार नसल्याने बूस्टच तयार होत नाही. तेव्हा गॅरेजच्या दारात आवाज आला नाही म्हणून स्प्रिंग सैल करत बसू नये.

डोक्यावरची बारीक नळी थेट मॅनिफोल्डवरून, तिच्या स्वतःच्या निपलवरून आणावी. बूस्ट गेजच्या किंवा पेट्रोल प्रेशर रेग्युलेटरच्या नळीत ‘टी’ टाकून काम उरकणारे भेटतील, त्यांना तसं करू देऊ नका. व्हॉल्व्ह हलला की त्या नळीतला दाब डुचमळतो आणि बाकीच्यांना चुकीचा निरोप जातो. नळी आखूड आणि जाड भिंतीची हवी, म्हणजे निर्वातात ती चपटी होत नाही. दोन्ही टोकांना छोटी क्लिप लावा. ही नळी एखाद्या खड्ड्यात निसटली तर व्हॉल्व्हला बंद ठेवणारा वरचा दाब जातो आणि बूस्ट आला की तो भसाभस उघडतो. गाडी अचानक ‘मेल्यासारखी’ चालायला लागली तर आधी ही नळी तपासा, मग टर्बोकडे बोट दाखवा.

व्हॉल्व्हचं तोंड खाली आणि मोकळ्या बाजूला ठेवा. इंजिनच्या आतली तेलाची वाफ इनटेकमध्येच सोडलेली असते, त्यामुळे दाबलेल्या हवेत तेलाचा अंश कायम असतो. काही महिन्यांत व्हॉल्व्हसमोरच्या भागावर चिकट काळा थर जमलेला दिसेल. तो अल्टरनेटरवर, वायरिंगवर किंवा तापलेल्या एक्झॉस्टवर जमू नये. सर्व्हिसिंगच्या वेळी व्हॉल्व्ह उघडून पिस्टन पुसून घ्यावा, नाहीतर तोच थर त्याला अडकवून ठेवतो.

सगळं बसवल्यावर गळती तपासून घ्या. चांगल्या गॅरेजमध्ये धूर सोडून किंवा हवेचा दाब देऊन सांध्यांवर साबणाचं पाणी मारतात. बुडबुडे दिसले की तिथली क्लिप बदलायची. मग स्कॅनर लावून आठ-दहा दिवस फ्युएल ट्रिमचे (ईसीयू पेट्रोलच्या मात्रेत करत असलेल्या दुरुस्तीचे) आकडे बघावेत. बदल करण्याआधीचे आकडे लिहून ठेवलेले असतील तरच या नव्या आकड्यांना अर्थ आहे.

एमएएफच्या गाडीला आवाज हवाच असेल तर एक मधला मार्ग आहे. दोन तोंडांचे व्हॉल्व्ह मिळतात, त्यात काही हवा परत जाते आणि काही बाहेर पडते. काहींत हे प्रमाण नॉबने बदलता येतं. त्रास यानेही पूर्ण जात नाही, कमी होतो. मी तो लावला तर बाहेरची बाजू जेमतेम उघडी ठेवीन. खरी सोडवणूक म्हणजे सेन्सरच इंटरकूलरनंतर, व्हॉल्व्हच्याही पुढे नेऊन ईसीयूचं मॅपिंग नव्याने करणं. ते खर्चिक काम आहे आणि निव्वळ आवाजासाठी कोणी करू नये.

आणि पिकअप वाढतो का? नाही. हवा बाहेर सोडल्याने इंजिनाची ताकद वाढत नाही. उलट परत आलेली हवा टर्बोचं चाक फिरतं ठेवायला थोडी मदतच करते, जरी हा फरक पायाला जाणवण्याइतका नसला. व्हॉल्व्ह बदलण्याचं एक खरं कारण मात्र आहे. गाडी रीमॅप करून बूस्ट वाढवला असेल तर कंपनीचा प्लास्टिकचा, पडद्याचा व्हॉल्व्ह त्या दाबाला गळू लागतो किंवा त्याचा पडदा फाटतो. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत हे नेहमीचं दुखणं आहे. तिथे धातूचा, पिस्टनचा व्हॉल्व्ह घ्यावा आणि परतीची होज जशीच्या तशी ठेवावी. आवाज थोडा वाढतोच, बूस्ट टिकतो, आणि ईसीयूला काही समजावावं लागत नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर माझं मत या व्हॉल्व्हला.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम कडकपणे वाचला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२अ बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगतं. आवाज आणि हवेच्या प्रदूषणाचे निकष मोडले तर कलम १९० खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची आणि तीन महिने लायसन्स जाण्याचीही तरतूद आहे. आरसी बुकात डम्प व्हॉल्व्हचा उल्लेख नसतो, त्यामुळे हा बदल कलम ५२ मध्ये बसतो का यावर वाद घालता येईल. तो वाद रस्त्याच्या कडेला पोलिसांशी घालण्यात मजा नाही. गाडीला प्रमाणपत्र मिळतं ते मूळ इनटेकसकट, आणि एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या तर प्रदूषणाशी संबंधित भागांवर चालतानाच नजर ठेवतात. पीयूसीच्या वेळी नव्या पेट्रोल गाडीचा लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) बघतात, तो ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान हवा. व्हॉल्व्ह आयडलिंगला गळत असेल तर एमएएफची गाडी इथे अडकू शकते. विमा कंपनीलाही बदल कळवावा. अपघातानंतर सर्व्हेअरने बॉनेट उघडून विचारण्यापेक्षा आपण आधी सांगितलेलं बरं.

काढलेला मूळ व्हॉल्व्ह, परतीची होज आणि तिच्या क्लिपा एका पिशवीत घालून, वर गाडीचं नाव लिहून जपून ठेवा. गाडी विकताना किंवा दोन महिन्यांनी त्या आवाजाचा कंटाळा आला तर अर्ध्या तासात सगळं जागेवर लावता येतं. जुनी होज कडक होऊन तडकलेली दिसली तर मात्र नवीच आणा.